आधी गाईड, मग रेकॉर्डिंग: घरच्या डिजिटल टीव्हीची कार्यक्रम-सूची आणि रेकॉर्डिंग नीट लावण्याची पद्धत

मालिकेचा भाग अर्धाच मिळतो, चित्रपटाचा शेवट कापला जातो किंवा फाईल उघडल्यावर भलताच कार्यक्रम निघतो, अशी तक्रार ज्या घरांत ऐकू येते तिथे दोष बहुधा रेकॉर्डिंगच्या यंत्रणेत नसतो. तो त्या यंत्रणेला मिळालेल्या कार्यक्रम-सूचीत, म्हणजे गाईडमध्ये असतो. सेट-टॉप बॉक्सला पडद्यावर काय चालले आहे हे कळत नाही. कोणत्या वाहिनीवर कोणता कार्यक्रम किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, याची एक यादी त्याच्याकडे येते आणि तो तिच्यावर विसंबून राहतो. यादीतली वेळ चुकली की रेकॉर्डिंग चुकते, नाव बदलले की मालिका निसटते. म्हणूनच आधी गाईड दुरुस्त करावे आणि मगच रेकॉर्डिंगच्या मागे लागावे, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखातील पायऱ्यांचा क्रमही तोच ठेवला आहे.

पहिल्या भागातील पायऱ्या डीटीएच किंवा केबलचा बॉक्स असलेल्या कोणत्याही घराला लागू पडतात. दुसरा भाग डीडी फ्री डिशसारखी खुली सेवा पाहणाऱ्या आणि स्वतःचा रेकॉर्डर उभारण्याची तयारी असलेल्या वाचकांसाठी आहे.

गाईड येते कुठून

उपग्रहावरून किंवा केबलमधून येणाऱ्या डिजिटल प्रवाहात चित्र आणि आवाजाबरोबर माहितीचे छोटे तक्तेही सतत वाहत असतात. भारतातील डीटीएच सेवा डीव्हीबी या मानकावर चालतात आणि त्यात कार्यक्रमांच्या माहितीसाठी ईआयटी नावाचा तक्ता असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त आता चालू असलेला आणि त्यानंतरचा कार्यक्रम असतो आणि तो दर दोन सेकंदांनी पुन्हा पाठवला जावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्यात पुढच्या काही दिवसांचे वेळापत्रक तीन-तीन तासांच्या तुकड्यांत येते. वाहिनी बदलताच 'आता' आणि 'पुढे' लगेच दिसते, पण उद्या रात्रीचे पान भरायला वेळ लागतो, याचे कारण हेच आहे. एखादी वाहिनी दुसरा प्रकार पाठवतच नसेल, तर बॉक्स कितीही महाग घेतला तरी त्या वाहिनीचे उद्याचे पान रिकामेच राहणार.

मोठ्या कंपन्यांचे नवे, इंटरनेटला जोडलेले बॉक्स ही माहिती नेटवरूनही घेतात, त्यामुळे त्यांत चित्रे, कलाकारांची नावे आणि लांब वर्णने दिसतात. आपला बॉक्स यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे सोपे आहे. इंटरनेटची जोडणी थोडा वेळ काढून गाईड उघडावे; मजकूर तोकडा झाला किंवा चित्रे गायब झाली, तर माहितीचा मोठा भाग नेटवरून येत होता असे समजावे.

पायरी पहिली: घड्याळ तपासा

ही पायरी क्षुल्लक वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात, पण माझ्या मते सर्वांत जास्त रेकॉर्डिंग इथेच बिघडतात. ईआयटी तक्त्यात कार्यक्रमाची वेळ भारतीय प्रमाणवेळेत नसते, ती जागतिक प्रमाणवेळेत म्हणजे यूटीसीमध्ये असते आणि बॉक्स तिच्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतो. हे गणित दोन वेगवेगळ्या ठिकाणी चुकू शकते आणि दोन्ही चुकांवरचा उपाय वेगळा आहे.

मोबाईलवरचे घड्याळ आणि बॉक्सचे घड्याळ शेजारी ठेवून पाहा. बॉक्सचे घड्याळ साडेपाच तास मागे असेल आणि संध्याकाळी ७ ची मालिका गाईडमध्ये दुपारी १:३० ला दिसत असेल, तर बॉक्समधील टाइम झोन चुकला आहे. अशा स्थितीत गाईडमधून निवडून लावलेले रेकॉर्डिंग बहुधा योग्य वेळीच होते, कारण घड्याळ आणि सूची दोन्ही सारखीच मागे असतात. मात्र हाताने '७ वाजता' असे लावलेले रेकॉर्डिंग रात्री १२:३० ला सुरू होते. सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन ५:३० करणे एवढाच त्यावर उपाय आहे. मेनूत फक्त पूर्ण तासांचे पर्याय असतील, तर तो बॉक्स भारतासाठी नीट तयार केलेला नाही हे ओळखावे आणि त्यावर गाईडमधून निवडूनच रेकॉर्डिंग लावावे; हाताने लावायचे झाले तर मनातल्या मनात फरक धरावा.

उलट बॉक्सचे घड्याळ अगदी बरोबर असून एखाद्याच वाहिनीचे कार्यक्रम गाईडमध्ये साडेपाच तास पुढे दिसत असतील, तर त्या वाहिनीने यूटीसीच्या जागी भारतीय वेळ भरून पाठवली आहे. ही चूक घरून दुरुस्त होत नाही. त्या वाहिनीपुरते गाईडवर विसंबू नये आणि वेळ हाताने लावावी, हेच उत्तम. सर्वच वाहिन्यांचे कार्यक्रम केवळ दोन-चार मिनिटे पुढे-मागे होत असतील, तर तो घड्याळाचा दोष नाही. वाहिन्यांचे प्रक्षेपणच जाहिरातींमुळे थोडे सरकते आणि त्याची सोय पुढे सांगितली आहे.

पायरी दुसरी: भिंतीवरचे बटण

आपल्याकडे रात्री झोपताना टीव्हीचे बटण भिंतीवरूनच बंद करण्याची पद्धत आहे. वीज वाचते, वीज पडण्याच्या दिवसांत सुरक्षितही वाटते. पण रेकॉर्डिंग हवे असलेल्या घरात ही सवय दुहेरी नुकसान करते. बऱ्याच साध्या बॉक्समध्ये गाईडची माहिती कायमस्वरूपी साठवली जात नाही. वीज गेली की ती पुसली जाते आणि सकाळी बॉक्स पुन्हा पहिल्यापासून गोळा करू लागतो. शिवाय पहाटेचा अभंगांचा कार्यक्रम रेकॉर्डिंगला लावलेला असेल, तर बंद बॉक्स तो घेणार तरी कसा?

बॉक्स रिमोटने स्टँडबायवर ठेवावा आणि टीव्हीचे बटण खुशाल बंद करावे. त्यासाठी दोघांचे प्लग वेगवेगळ्या बटणांवर असले पाहिजेत. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आधी ते वेगळे करावेत. भारनियमन असलेल्या गावांत बॉक्स आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावी. वीज परत आल्यावर लावलेली रेकॉर्डिंग टिकून राहतात की नाही, हे एकदा मुद्दाम तपासावे: उद्याचे एक रेकॉर्डिंग लावावे, बॉक्सची वीज पाच मिनिटे बंद करावी, पुन्हा सुरू करावी आणि यादी पाहावी. वादळी पावसात विजा चमकत असतील तेव्हा मात्र डिशची केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवावे; एका भागापायी यंत्र गमावू नये.

पायरी तिसरी: शेकडो वाहिन्यांतून आपल्या पंधरा

गाईड वापरायला अवघड जाते ते प्रामुख्याने लांबीमुळे. घरात रोज पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या दहा-पंधरा असतात आणि सूचीत त्या शेकडो नावांमध्ये विखुरलेल्या असतात. जवळजवळ प्रत्येक बॉक्समध्ये 'फेव्हरिट' यादीची सोय आहे, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ती या सगळ्या सोयींतली सर्वांत मोलाची आहे, असे मला वाटते. एकापेक्षा अधिक याद्या करता येत असतील तर माणसागणिक यादी करावी. आजीच्या यादीत सह्याद्री, दोन मालिकांच्या वाहिन्या, एक भक्तीची आणि एक बातम्यांची वाहिनी असली की पुरते. गाईड उघडताना फेव्हरिट यादीच आधी उघडेल अशी सेटिंग काही बॉक्समध्ये असते; ती असल्यास जरूर चालू करावी.

इथे एक नियम माहीत असलेला बरा. ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामक संस्थेच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांनुसार एका प्रकारच्या वाहिन्या गाईडमध्ये सलग असाव्या लागतात, त्या प्रकारातही एका भाषेच्या वाहिन्या एकत्र असाव्या लागतात आणि वाहिनीला एकदा दिलेला क्रमांक सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष बदलता येत नाही. त्यामुळे मराठी मनोरंजनाची एक वाहिनी सापडली की बाकीच्या तिच्या आजूबाजूलाच सापडायला हव्यात. क्रमांक बदलले की जुन्या बॉक्समधील फेव्हरिट यादी आणि क्रमांकावर लावलेली रेकॉर्डिंग दोन्ही चुकीच्या वाहिनीकडे वळू शकतात. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर किंवा वाहिन्यांचा पुन्हा शोध घेतल्यावर यादीवरून एकदा नजर फिरवावी.

पायरी चौथी: साठवणीची जागा

यूएसबीवर रेकॉर्डिंग करणाऱ्या बॉक्ससाठी कोणती डिस्क घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. वाहिनीचा वेग मेगाबिट प्रतिसेकंदात घ्यावा आणि त्याला ०.४५ ने गुणावे. जे उत्तर येईल तितकी जीबी जागा दर तासाला लागते. साध्या दर्जाची वाहिनी साधारण २ मेगाबिटने येत असेल तर तासाला ०.९ जीबी, आणि एचडी वाहिनी ७ मेगाबिटने येत असेल तर ३.१५ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर एचडीचे सुमारे ३०० तास मावतात, तर ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर जेमतेम १० तास.

पेन ड्राइव्हने काम सुरू करायला हरकत नाही, पण तो कायमचा उपाय नाही. बॉक्समध्ये चालू कार्यक्रम थांबवून पुढे पाहण्याची टाइमशिफ्ट सोय चालू असली, तर आपण रेकॉर्ड करत नसतानाही ड्राइव्हवर सतत लिहिले जाते. स्वस्त ड्राइव्ह तापतात, अडखळतात आणि त्या अडखळण्याचे ठिपके रेकॉर्डिंगमध्ये दिसतात. अडीच इंची हार्ड डिस्क अधिक भरवशाची, मात्र यूएसबी २.० च्या पोर्टमधून मानकाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि काही डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढतात. डिस्क टिकटिक करत असेल किंवा मधूनच नाहीशी होत असेल, तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा.

फाईल सिस्टिमकडे, म्हणजे डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीकडे, लक्ष द्यावे. फॅट३२ मध्ये एका फाईलची मर्यादा ४ जीबी आहे, त्यामुळे एचडी चित्रपट साधारण सव्वा तासानंतर थांबतो किंवा त्याचे तुकडे होतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालत असेल तर ते वापरावे. बॉक्सचा मेनूच काय चालते ते सांगतो. बॉक्सने डिस्क फॉरमॅट करण्याची परवानगी मागितली तर त्यावरील लग्नाचे फोटो आणि मुलांच्या फाईली सर्व पुसल्या जातील हे लक्षात ठेवून, रेकॉर्डिंगसाठी डिस्क वेगळीच ठेवावी.

सशुल्क सेवांच्या बॉक्सवर केलेले रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सपुरते कुलूपबंद असते. डिस्क संगणकाला लावून ते दिसत नाही, बॉक्स बदलला की उघडत नाही आणि काही सेवांत रिचार्ज संपल्यावरही पाहता येत नाही. हा दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. ते कुलूप तोडण्याच्या वाटेला जाऊ नये. वर्षानुवर्षे जपून ठेवावेसे रेकॉर्डिंग हवे असेल तर खुल्या वाहिन्यांचा मार्ग धरावा, तो पुढे येईलच.

पायरी पाचवी: आधीची आणि नंतरची मिनिटे

रेकॉर्डिंग सूचीतल्या वेळेच्या थोडे आधी सुरू व्हावे आणि थोडे नंतर संपावे, यासाठी पॅडिंगची सोय असते. सर्व कार्यक्रमांना एकच आकडा लावून मोकळे होणे बरोबर नाही. रोजच्या अर्ध्या तासाच्या मालिकेला आधी २ आणि नंतर ५ मिनिटे पुरतात. चित्रपटाला नंतरची १५ मिनिटे द्यावीत, कारण लांब कार्यक्रमात जाहिरातींचा फरक साठत जातो. क्रिकेट सामन्याला नंतर किमान एक तास द्यावा आणि पावसाने खेळ थांबण्याची शक्यता असेल तर पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून ठेवावा.

पॅडिंग वाढवले की एक नवीन अडचण येते. बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, एकच असेल आणि ७:३० ला एक मालिका संपून त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर दुसरी सुरू होत असेल, तर पहिलीची नंतरची ५ मिनिटे आणि दुसरीची आधीची २ मिनिटे एकमेकांवर येतात आणि बॉक्स दोहोंपैकी एक नाकारतो. अशा जोडीत पहिलीचे पॅडिंग शून्य करून दुसरीचे ठेवण्यापेक्षा दुसरीचे पुनःप्रसारण शोधावे. बहुतेक मराठी मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी पुन्हा दाखवला जातो आणि गाईडमध्ये तो सापडतो.

दोन ट्यूनरचा बॉक्स असूनही एकाच वेळी दोन कार्यक्रम घेता येत नसतील, तर छतावर जाऊन केबल मोजाव्यात. डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या साध्या एलएनबीकडे बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभे किंवा आडवे ध्रुवीकरण निवडतो. एका केबलवर एका वेळी एकच निवड चालते. म्हणून दोन ट्यूनरना ट्विन एलएनबी आणि दोन केबल लागतात. केबल एकच ओढून दिली असेल तर दुसरा ट्यूनर नावापुरता उरतो. घरातल्या पिन-जोडणीत स्प्लिटर टाकून ही उणीव भरून निघत नाही.

स्वतःचा रेकॉर्डर: फ्री डिश आणि टीव्हीहेडएंड

डीडी फ्री डिश ही प्रसारभारतीची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही आणि ती ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. सह्याद्रीसह तिच्यावरील ज्या वाहिन्या खुल्या येतात, त्या लिनक्सवर चालणाऱ्या साध्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरने घेता येतात आणि त्यांची फाईल कुठल्याही संगणकावर चालते. वैयक्तिक वापरासाठी जपून ठेवावी, मात्र यूट्यूबवर चढवू नये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर वाटू नये. कार्यक्रमाचे हक्क प्रसारकाकडे आणि निर्मात्याकडेच असतात.

त्यासाठी टीव्हीहेडएंड हे मुक्त सॉफ्टवेअर मला सर्वांत उपयोगी वाटते. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणकही पुरतो, कारण आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहायचा असतो, त्याचे रूपांतर करायचे नसते. स्थापनेनंतर ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आणि ९९८१ हा पोर्ट दिला की विझार्ड उघडतो. त्यात गाईडच्या भाषांचा क्रम विचारला जातो. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम द्यावा. पासवर्ड नक्की ठेवावा आणि हा पोर्ट राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला उघडू नये.

यानंतर नेटवर्क तयार करून ते ट्यूनरला जोडावे. एलएनबीच्या अंगावर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे छापलेले असतील तर युनिव्हर्सल हा पर्याय निवडावा. तयार यादीत उपग्रहाच्या फ्रीक्वेन्सी जुन्या असू शकतात, म्हणून प्रसारभारतीच्या संकेतस्थळावरील ताज्या फ्रीक्वेन्सी पाहून त्या हाताने भरणे चांगले. इथे अनेक जण अडतात, कारण टीव्हीहेडएंडला फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्‌झमध्ये आणि सिम्बॉल रेट (प्रवाहाचा वेग सांगणारा आकडा) पूर्ण संख्येत हवा असतो. सिम्बॉल रेट कागदावर २९५०० असा छापलेला असेल तर रकान्यात २९५०० वर आणखी तीन शून्ये द्यावी लागतात. तशी ती फ्रीक्वेन्सीच्या मेगाहर्ट्‌झ आकड्यावरही द्यावी लागतात. शून्ये राहिली की शोध अपयशी ठरतो आणि माणूस विनाकारण डिश हलवत बसतो.

वाहिन्या सापडल्या की सर्वच्या सर्व जोडून घेऊ नयेत. पाहायच्या तेवढ्याच निवडून 'मॅप' कराव्यात आणि त्यांना स्वतःच्या क्रमाने क्रमांक द्यावेत. इथे क्रमांक आपल्या हातात असतात, हे या पद्धतीचे मोठे सुख आहे. एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या, म्हणजे उपग्रहाच्या एकाच फ्रीक्वेन्सीवरून एकत्र येणाऱ्या, अनेक वाहिन्या एकाच ट्यूनरने एकाच वेळी रेकॉर्ड होतात, त्यामुळे कोणती वाहिनी कोणाच्या शेजारी आहे याची नोंद करून ठेवावी. वर सांगितलेला ७:३० चा पेच अशा वाहिन्यांत येतच नाही.

गाईड भरून घेणे

टीव्हीहेडएंडमध्ये गाईड गोळा करणाऱ्या भागाला ग्रॅबर म्हणतात. हवेतून येणारी ईआयटी माहिती घेणारा ग्रॅबर चालू ठेवावा आणि इतर देशांसाठीचे ग्रॅबर बंद करावेत. तो मुळात रात्री २:०४ आणि दुपारी २:०४ ला चालेल असे ठरवलेले असते आणि एका ट्रान्सपॉन्डरवर जास्तीत जास्त ६०० सेकंद थांबतो. दुपारी २ ला ट्यूनर रेकॉर्डिंगमध्ये गुंतलेला असेल तर ती वेळ बदलून पहाटे ४ च्या सुमारास न्यावी. सुरुवातीला गाईड रिकामे दिसले म्हणून निराश होऊ नये, एक रात्र जाऊ द्यावी.

ज्या वाहिन्या पुढच्या दिवसांची माहिती पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी एक्सएमएलटीव्ही या स्वरूपातील फाईल वापरता येते. अशी फाईल कोठूनही मिळाली तरी ती भरण्यापूर्वी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वेळेचा आकडा पाहावा. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद असे चौदा अंक आणि त्यांच्यापुढे अधिक ०५३० असे लिहिलेले असले पाहिजे. हा शेवटचा भाग नसेल तर स्वरूपाच्या नियमाप्रमाणे ती वेळ यूटीसी मानली जाते आणि भारतीय वेळेत भरलेली सगळी सूची साडेपाच तास पुढे सरकते. सह्याद्रीचा आठवडा हाताने एका तक्त्यात लिहून त्यातून अशी फाईल तयार करणेही शक्य आहे. वेळापत्रक स्थिर असलेल्या वाहिनीसाठी हा कष्टाचा, पण खात्रीचा मार्ग आहे.

एकाच वाहिनीसाठी दोन स्रोत चालू असले की ते एकमेकांवर लिहितात. ग्रॅबरना प्राधान्याचा आकडा देता येतो. ज्या स्रोताच्या वेळा अधिक अचूक, त्याला मोठा आकडा द्यावा, भले त्याची वर्णने तोकडी असोत. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने सुंदर वर्णनापेक्षा अचूक वेळ महत्त्वाची. आणि एखादी खुली वाहिनी यूटीसीऐवजी स्थानिक वेळ पाठवत असेल, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'ईआयटी टाइम ऑफसेट' नावाचा रकाना आहे. तो संपूर्ण नेटवर्कला लागू होतो, म्हणून तसे ट्रान्सपॉन्डर वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवून तिथेच तो बदलावा.

मराठी अक्षरे तुटतात तेव्हा

गाईडमध्ये मराठी मजकुराऐवजी उच्चारचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली, तर फॉन्ट शोधत बसू नये. डीव्हीबीमध्ये मजकुराच्या सुरुवातीला एक बाइट पुढील मजकूर कोणत्या अक्षरसंचात आहे हे सांगतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ साठी त्याचे मूल्य सोळाच्या पायात १५ असते. हा बाइट न लावता देवनागरी पाठवली की घेणारा बॉक्स ती लॅटिन समजून दाखवतो. टीव्हीहेडएंडमध्ये नेटवर्क, ट्रान्सपॉन्डर किंवा एकेका सेवेच्या सेटिंगमध्ये 'कॅरेक्टर सेट' हा रकाना आहे. तिथे यूटीएफ-८ निवडून गाईड पुन्हा गोळा केले की अक्षरे सुधारतात. कंपनीच्या बॉक्सवर हा उपाय आपल्या हातात नाही.

वर्णन मध्येच तुटण्याचे कारण वेगळे आहे. कार्यक्रमाचे नाव आणि छोटे वर्णन ज्या खणात जाते, त्या खणाची लांबी जास्तीत जास्त २५५ बाइट असते आणि त्यातूनच भाषेचा संकेत वगैरे वजा जाऊन मजकुरासाठी २५० उरतात. इंग्रजीचे एक अक्षर एक बाइट घेते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. 'पाककृती' हा चार अक्षरांचा दिसणारा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा होतो. पूर्ण नाव आणि वर्णन मिळून सुमारे ८२ चिन्हांत बसवावे लागते. प्रसारकांसाठी लांब वर्णनाचा वेगळा खण उपलब्ध आहे आणि मराठी वाहिन्यांनी तो वापरायला हवा. भाषेचा संकेतही मराठीचाच लावायला हवा. मराठी प्रेक्षकाला आपल्या भाषेतले पूर्ण वाक्य वाचायला मिळणे ही चैन नाही, आणि जिथे केवळ तंत्राच्या दुर्लक्षामुळे ते अडते तिथे मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे.

मालिका आपोआप रेकॉर्ड होण्यासाठी

टीव्हीहेडएंडमधील 'ऑटोरेक' नियमात कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, वार आणि सुरू होण्याच्या वेळेची मर्यादा देता येते. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहू नये, त्यातला एक पक्का तुकडा लिहावा. रोमन लिपीतल्या नावांत एकच मराठी शब्द आज एका स्पेलिंगने आणि उद्या दुसऱ्या स्पेलिंगने येतो. देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलतात, आणि 'ऱ्या' किंवा 'ऱ्हा' अशी आडव्या रफाराची अक्षरे युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिली जाऊ शकतात: डोळ्यांना सारखी, यंत्राला वेगळी. नावात असे अक्षर असेल तर ते टाळून शेजारचा शब्द घ्यावा.

वेळेची मर्यादा घालताना संध्याकाळी ६:४५ ते ७:१५ अशी खिडकी ठेवली की दुपारचे पुनःप्रसारण वगळले जाते. मात्र रविवारी दोन तासांचा महाएपिसोड वेगळ्या वेळेला असतो, त्याच्यासाठी वेळेची मर्यादा नसलेला आणि फक्त रविवारचा दुसरा नियम करावा. हाताने वेळ देऊन केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये महाएपिसोडचा फारतर अर्धा तासच मिळतो, म्हणून मालिकांसाठी गाईडवर आधारलेला नियमच बरा. कंपनीच्या बॉक्समधील 'सिरीज रेकॉर्डिंग' वापरतानाही लावल्यानंतर पुढच्या आठवड्याची यादी उघडून पुनःप्रसारणे किती शिरली आहेत ते पाहावे.

एकच भाग दोनदा घेणे टाळण्यासाठी डुप्लिकेटचा पर्याय आहे. भागाचा क्रमांक गाईडमध्ये येत असेल तर त्यावरून, नसेल तर 'दिवसातून एकदा' हा पर्याय घ्यावा. वर्णनावरून ओळखण्याचा पर्याय मराठी मालिकांसाठी टाळावा, कारण आठवडाभर एकच सर्वसाधारण वर्णन लावलेले असले की यंत्र सहाही भागांना एकच भाग समजून पाच वगळते. डिस्क भरू नये यासाठी किती जागा नेहमी मोकळी ठेवायची आणि रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसायचे, हे दोन्ही प्रोफाईलमध्ये ठरवून ठेवावे. जपायच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी प्रोफाईल आणि वेगळा फोल्डर करावा.

पावसाळा

डीटीएच ज्या केयू बँडवर चालते त्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग तुटण्याचे हेच मुख्य कारण असते. कोरड्या दिवशी सिग्नलच्या पानावरचा 'क्वालिटी' हा आकडा लिहून ठेवावा. 'स्ट्रेंग्थ' चांगली असून क्वालिटी कमी असेल तर डिश थोडी सरकली आहे किंवा जोडणीत पाणी शिरले आहे. एलएनबीजवळच्या एफ-कनेक्टरवर रबरी टोपी असावी आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन घ्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहत आत न येता खाली टपकते. हे मे महिन्यातच करून घ्यावे.

बिघाड नोंदवून मागणी करणे

टीव्हीहेडएंड प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे त्रुटींची संख्या दाखवतो. त्रुटी शून्याजवळ असूनही कार्यक्रम कापला गेला असेल तर दोष वेळेचा, म्हणजे गाईडचा. त्रुटी हजारोंत असतील तर दोष सिग्नलचा किंवा डिस्कचा. कंपनीच्या बॉक्सवर असा आकडा मिळत नाही, पण चित्र फुटलेले आहे की स्वच्छ चित्र अर्ध्यावर थांबले आहे, एवढ्यावरूनही तोच निष्कर्ष काढता येतो.

दोष गाईडचाच असल्याचे दिसल्यास सेवा-पुरवठादाराला कळवावे, आणि कळवताना 'गाईड चुकते' एवढेच सांगून थांबू नये. वाहिनीचे नाव आणि क्रमांक, तारीख, गाईडमधील वेळ, प्रत्यक्ष प्रक्षेपणाची वेळ आणि पडद्याचा फोटो, एवढे दिले की तक्रार पुढे सरकते; तक्रार क्रमांक घ्यावा आणि उत्तर न आल्यास तोच क्रमांक देऊन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. हीच माहिती वाहिनीलाही ई-मेलने पाठवावी, कारण वेळ आणि वर्णन मुळात तिथेच भरले जाते आणि पुरवठादार बहुधा आलेले तसेच पुढे पाठवतो. एकाच वाहिनीवरचे सलग तीन-चार दिवसांचे फरक एका तक्त्यात मांडून दिले, तर चूक नेमकी साडेपाच तासांची आहे की रोज बदलणारी आहे हे वाचणाऱ्या अभियंत्याला लगेच दिसते.